हरवायला जाणाऱ्या काकू

“मी हरवायला चालले आहे. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की शेगडी बंद करा.”

दर शनिवारी सकाळी काकू दारात उभ्या राहून जावयाला हे सांगत आणि वाकून बुटांच्या नाड्या बांधत. अंगावर सुती साडी, साडीवर जावयाचं जुनं नारिंगी जाकीट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत घडी केलेली सतरंजी, चहाचा थर्मास, स्टीलचा डबा आणि निवडायची फरसबी. जावई लॅपटॉपमधून डोकं न काढता “बरं आई” म्हणत. त्यांच्याकडे नव्यानेच आलेल्या एका पाहुणीने हे ऐकलं तेव्हा तिने काकूंच्या मुलीला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, “आईंना डॉक्टरकडे दाखवलंस का गं?”

काकूंचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत होतं. त्या खरोखरच हरवायला जात होत्या, आणि त्यांना त्यासाठी घेऊन जाणारा मीच होतो.

काकू मिरजेच्या. मुलगी आणि जावई आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायचे, मी तिसऱ्या मजल्यावर. जर्मनीतल्या या नेकारसुल्म गावात मराठी माणूस भेटला तर तो गाड्यांच्या कारखान्यात असतो, नाहीतर कारखान्यासाठी काम करणाऱ्या एखाद्या कंपनीत. जावई आणि मी त्यातलेच. माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. काकूंनी उभी हयात मिरजेत खानावळ चालवली होती. आता गुडघे कुरकुरायला लागले म्हणून ती बंद करून त्या उन्हाळ्यापुरत्या लेकीकडे आल्या होत्या. खानावळ बंद झाली ती मिरजेत. इथे ती चालूच होती.

“आधी खा, मग बोल” हे त्यांचं ब्रीद. पार्सल घेऊन आलेला पोऱ्या, हीटिंगचं मीटर बघायला आलेला माणूस, कुणीही असो. मीटरवाल्याला त्यांनी दंडाला धरून खुर्चीवर बसवलं आणि त्याने थालीपीठ संपवल्यावरच मीटर कुठे आहे ते दाखवलं. वाढताना “आणखी हवं का” असं त्या कधी विचारत नसत. मी एकदा त्याचं कारण विचारलं तर म्हणाल्या, “विचारलं की माणूस लाजून नको म्हणतो. ताट बघायचं आणि वाढायचं. मागायची वेळ आणली तर खानावळ कसली?”

पण सकाळी लेक-जावई कामावर आणि नात शाळेत गेली की वाढायला समोर ताटच नसे. नात संध्याकाळी घरी आली तरी आजी मराठीत विचारणार, नात जर्मनमध्ये उत्तर देणार. भांडण मात्र दोघींचं अगदी व्यवस्थित व्हायचं. त्यात जावयांनी आल्या दिवशीच बजावून ठेवलेलं: आई, इथला नियम आहे, दुपारी एक ते तीन आवाज करायचा नाही, रविवारी तर दिवसभर नाही. काकूंनी पहिल्याच रविवारी मिरजेहून आणलेल्या खलबत्त्यात शेंगदाणे घातले आणि वरच्या मजल्यावरचे हेर फोगेल, म्हणजे फोगेलसाहेब, सपाता घालून तक्रार करायला खाली आले. तेव्हापासून काकू दुपारी घरात चवड्यांवर चालायच्या. नळ सोडतानाही त्याला “शू” म्हणायच्या.

आता बंड्याबद्दल सांगायला हवं. बंड्या हा माझा काळा लॅब्रॅडॉर. त्याच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं की याचं नाक फार चांगलं आहे, वाया घालवू नका. म्हणून आम्ही दोघे इथल्या स्वयंसेवी शोधपथकात दाखल झालो. जंगलात वाट चुकलेले म्हातारे, पाय मोडून पडलेले गिर्यारोहक, घरातून निघून गेलेली विसराळू माणसं, अशांना कुत्र्यांनी हुडकायचं असतं. खरी शोधमोहीम क्वचित निघते. सराव मात्र दर शनिवारी. आणि सरावासाठी दरवेळी कुणीतरी हरवावं लागतं. एक माणूस झुडपात जाऊन गप्प बसतो, कुत्रा वासावरून त्याला शोधतो आणि त्याच्याजवळ उभा राहून भुंकतो. कुत्र्याचा मालक पोहोचेपर्यंत भुंकत राहतो. भुंकला की हरवलेल्याने त्याला बक्षीस म्हणून खाऊ द्यायचा, असा सगळा बेत.

एका शनिवारी ठरलेला हरवणारा आजारी पडला. पथकाच्या प्रमुख फ्राउ लांग, आठवडाभर दातांच्या दवाखान्यात काम करतात आणि त्याच आवाजात आम्हालाही ‘आ’ करायला लावतात, त्यांचा मला फोन: कुणीही आण, पण माणूस आण. मी बंड्याला घेऊन खाली उतरलो तर अंगणातल्या बाकावर काकू एकट्या बसलेल्या.

“काकू, येता का? काम काही नाही. जंगलात एका जागी बसायचं. कुणाशी बोलायचं नाही. कुत्रा शोधत येईल.”

“एवढंच?” काकू उठल्याच. “माझं इथं रोज तेच चाललंय. फक्त शोधायला कुणी येत नाही.”

मी हसलो. गाडीत बसल्यावर ते वाक्य पुन्हा आठवलं तेव्हा मात्र हसू आलं नाही. कारण माझंही त्या गावात फारसं वेगळं नव्हतं. सात वर्षं राहून मला ओळखणारी माणसं होती ती पथकातली, आणि तीही मला ‘बंड्याचा माणूस’ म्हणून ओळखत. बंड्या नसता तर माझा शनिवार-रविवार कपडे धुण्यात आणि ते वाळण्याची वाट बघण्यात गेला असता.

काकूंसारखं हरवणारं माणूस पथकाला आजवर मिळालं नव्हतं. बाकीचे लोक अर्ध्या तासात कंटाळून फोन काढत, शिंकत, पाय मोकळे करत. काकू मात्र सतरंजी अंथरून बसल्या की बसल्या. परत येताना फरसबी निवडून झालेली, कधी लसूण सोललेला. “हरवलं म्हणून काय हात रिकामे ठेवायचे?” फ्राउ लांग माझ्यामार्फत त्यांचं कौतुक करीत आणि काकू उत्तरादाखल त्यांच्या हातावर लसणाची चटणी ठेवीत. सरावानंतर फ्राउ लांग त्यांना जर्मनमध्ये दरवेळी एकच विचारत, “भुंकला ना?” काकूंना जर्मनचे दोनच शब्द येत होते आणि दोन्ही होकाराचे. “जा, जा. गूट!” त्या म्हणायच्या. “गेनाऊ,” म्हणजे ‘अगदी बरोबर’, असं म्हणून फ्राउ लांग पुढच्या कुत्र्याकडे वळायच्या.

बंड्या तेव्हा शिकाऊ होता. माणूस शोधायला तरबेज झाला होता, सापडल्यावर भुंकायला नुकता लागला होता. काकू आल्यापासून त्याचा शोधायचा वेग असा वाढला की जुने कुत्रे त्याच्याकडे बघत राहत. त्याच्या अंगरख्याला घंटी असते, तिच्या आवाजावर मी मागोमाग धावायचो. घंटी थांबली की समजायचं, सापडलं. मी पोहोचायचो तेव्हा काकू आणि बंड्या सतरंजीवर शेजारी शेजारी बसलेले असायचे आणि बंड्याचं तोंड हलत असायचं. भुंकणं मला कधी ऐकू आलं नाही. खालून महामार्ग जातो, त्याच्या आवाजात बुडालं असेल असं मी धरून चाललो. चुका शोधायचा पगार मी फक्त सोमवार ते शुक्रवार घेतो.

मग मुख्य परीक्षेआधीची चाचणी आली. अनोळखी जंगल, अनोळखी परीक्षक, अनोळखी हरवलेले. बंड्या सुसाट गेला. घंटी थांबली. आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो. जंगलात शांतता. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. शेवटी आम्हीच शोधत शोधत गेलो, तर एक जाडजूड निवृत्त गृहस्थ ओंडक्याला टेकून बसले होते आणि बंड्या त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकून त्यांच्या खिशाकडे बघत होता. गृहस्थ म्हणाले, “कुत्रा फार सभ्य आहे. आल्यापासून दोनदा उसासा टाकला, बाकी काही नाही.”

परीक्षकांनी चाचणीत नापास केलं आणि फ्राउ लांगनी मला बाजूला घेतलं. मुख्य परीक्षेतही बंड्या असाच गप्प राहिला तर त्याला पथकातून कमी करावं लागेल. मुक्या कुत्र्याचा शोधाला उपयोग नाही. म्हणजे बंड्या गेला, आणि बंड्याबरोबर बंड्याचा माणूसही गेला. मी घरी आलो तेव्हा जेवायची इच्छाच उरली नव्हती. काकूंनी जिन्यातच चेहरा ओळखला. “आधी खा, मग बोल,” म्हणून ताट वाढलं. मी ताट संपवलं आणि बंड्याला घेऊन तसाच वर गेलो.

पुढचे काही दिवस बंड्याच्या घशाचा तपास झाला. पशुवैद्यांनी टॉर्च मारून बघितलं. घसा उत्तम. फ्राउ लांगना वाटलं, वयात येतोय, लाजत असेल. शेवटी एका शनिवारी त्या कुणालाही न सांगता दुर्बीण घेऊन एका बीच झाडामागे लपल्या आणि काकूंवर नजर ठेवली. परत आल्या तेव्हा दाताला कीड नक्की कुठे आहे ते सापडल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

त्यांनी पाहिलं ते असं. बंड्या धावत आला आणि भुंकायला तोंड उघडलं. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. मग सतरंजी थोपटली. बंड्या बसला. काकूंनी डबा उघडला, तूप लावलेल्या चपातीचे तुकडे डब्याच्या झाकणात वाढले, आणि झाकण रिकामं होताच पुन्हा वाढले. पथकाने खाऊ म्हणून दिलेले सॉसेजचे तुकडे बाजूच्या दगडावर होते. ते कावळे खात होते.

आम्ही काकूंच्या स्वयंपाकघरात बसलो. फ्राउ लांग, मी आणि टेबलाखाली आरोपी.

“ओरडू कसं देऊ त्याला?” काकू म्हणाल्या. “भर दुपार असते. खाली एवढी घरं आहेत. प्रत्येक घरात एक फोगेल असणार. मी त्याला म्हणते, शू बंडोपंत, ओरडायचं नाही, बसा, आधी खा.”

“काकू, पण त्याने भुंकल्यावरच खाऊ द्यायचा असतो.”

“म्हणजे दारात आलेल्याला ओरडायला लावायचं आणि मग घास टाकायचा? भिकाऱ्यासारखं? मी नाही करणार. माझ्या खानावळीत कुणाला मागायची वेळ आली नाही, आणि हा तर एवढं रान तुडवून येतो.”

हे फ्राउ लांगना जर्मनमध्ये कसं सांगावं ते मला कळेना. मी थोडं सांगितलं, थोडं गाळलं. फ्राउ लांग शांतपणे म्हणाल्या, “त्यांना म्हणावं, तो खाण्यासाठी भुंकत नाही. एखादा म्हातारा पाय मोडून खड्ड्यात पडलाय. त्याच्या आवाजात जीव नाही. कुत्र्याने त्याला शोधलं आणि गप्प बसला, तर आम्ही वरून निघून जाऊ.”

मी ते जसंच्या तसं सांगितलं. काकू बराच वेळ टेबलावरचे तुपाचे डाग पुसत राहिल्या.

“म्हणजे तो मागत नाही. माझ्यासाठी हाका मारतो.”

“हो. या, काकू इथे आहेत, असं.”

“मग आधी सांगायचं ना तसं!” त्या माझ्यावरच उखडल्या. “आणि मी इतके दिवस त्या बिचाऱ्याच्या तोंडावर बोट ठेवते आहे. बिघडवलं मी त्याला. आता मीच नीट करणार. परीक्षेच्या आत.”

परीक्षा सप्टेंबरात होती, आणि काकूंचा व्हिसा त्याआधीच संपत होता. म्हणजे जे काही करायचं ते त्यांच्या जाण्याआधी.

पुढच्या शनिवारी मी आणि फ्राउ लांग दोघेही बीचच्या झाडामागे. काकू सतरंजीवर, मांडीवर डबा, झाकण घट्ट बंद. बंड्या आला. बसला. डब्याकडे बघितलं. काकूंनी मान फिरवली. बंड्याने पंजा दिला. काकूंनी पदर सावरला. बंड्या लोळला, उठला, जाऊन एक काटकी घेऊन आला आणि त्यांच्या पायाशी ठेवली. काकूंचा हात झाकणाकडे गेला आणि परत आला. मग बंड्याने तो उसासा टाकला. काकूंनी पदराने डोळे पुसले. मी पैजेवर सांगतो, आयुष्यात भरल्या डब्यापुढे कुणाला तिष्ठत ठेवायची त्यांची ती पहिलीच वेळ होती.

“बोला हो बंडोपंत,” त्या म्हणाल्या. “बोला ना. आधी बोला, मग खा.”

स्वतःच्या तोंडून काय निघालं ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. बंड्या गप्पच. मग काकूंनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, “भू.”

बंड्याने कान टवकारले.

“भू. भू भू. असं.”

बंड्याने मान तिरकी केली. काकूंनी मांडी नीट घातली, श्वास घेतला आणि खानावळीच्या मागच्या खोलीतल्या माणसाला जेवायला हाक मारावी तसा आवाज लावला. “भूऽऽ! भूऽऽ! भूऽऽ!”

त्याच वेळी पायवाटेवरून हातात काठ्या घेतलेलं एक प्रौढ जोडपं झपाझप चालत आलं. त्यांना काय दिसलं असेल याचा तुम्हीच विचार करा. झुडपात साडी आणि नारिंगी जाकीट घातलेली बाई जोरजोरात भुंकते आहे आणि समोर एक कुत्रा निमूटपणे ऐकतो आहे. दोघे क्षणभर थबकले. मग गृहस्थांनी टोपीला हात लावून “गुटन टाग” म्हटलं. काकूंनी “गूट, गूट” म्हटलं. ते निघून गेले. फ्राउ लांगनी हसू दाबायला माझी बाही तोंडात धरली होती.

आणि मग बंड्या भुंकला. आधी एक चाचरतं ‘वुफ’, काकूंकडे चोरून बघत, की आता बोट ओठांवर जातंय का. बोट गेलं नाही. मग दुसरं. मग जंगल घुमवणारं तिसरं. “बोललात! बोललात हो!” काकू ओरडल्या आणि सगळा डबा त्याच्यापुढे उपडा केला. कोण कुणापेक्षा जास्त आवाज करतंय ते कळत नव्हतं. फ्राउ लांग झाडामागून धावत गेल्या आणि त्यांनी काकूंना मिठीच मारली. काकूंनी त्यांनाही थर्मासमधला चहा दिला, आधी.

त्यानंतरचे सगळे शनिवार काकू हरवल्या आणि बंड्याने बोंबलून गाव गोळा केलं. मग त्या मिरजेला गेल्या. जाताना सतरंजी लेकीच्या तळघरात ठेवली, म्हणाल्या, पुढच्या उन्हाळ्यात लागेल. बंड्यापुढे वाकून त्याला सांगितलं, “माझं नाव घालवू नका.”

परीक्षेच्या दिवशी बंड्या सुसाट गेला. घंटी थांबली. शांतता. मी डोळे मिटून घेतले. एवढं काय आहे, कुत्र्याची परीक्षा आहे, असं मनाला बजावत होतो. शांतता लांबत गेली. आणि मग खालच्या ओढ्याच्या बाजूने तो आवाज आला, आणि येतच राहिला. परीक्षेसाठी हरवलेल्या मुलीने नंतर सांगितलं की कुत्रा आला, समोर बसला, काही उघडायची वाट बघितल्यासारखा थांबला, आणि मग भुंकायला लागला. बंड्या पास झाला. मी तिथूनच मिरजेला फोन लावला.

“खाल्लं का त्यानं?” काकूंनी पहिलं विचारलं. निकाल नंतर.

पुढच्या उन्हाळ्यात काकू आल्या नाहीत. डॉक्टरांनी गुडघ्यांमुळे इतका लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही नाही. आता त्या येणार नाहीत हे आम्हाला सगळ्यांनाच कळलं आहे, फक्त फोनवर कुणी तसं म्हणत नाही. पथकात नवे हरवणारे आले आहेत. चांगले आहेत. फोन बघत बसतात.

गेल्या महिन्यात लेक-जावयाने मोठं घर घेतलं. सामान हलवताना तळघर रिकामं केलं आणि नको त्या वस्तू जिन्याजवळ ठेवल्या. मी बंड्याला फिरवून परत आणत होतो. दारातून आत शिरताच त्याने नाक वर केलं आणि माझ्या हातातला पट्टा हिसकून घेतला. गठ्ठ्याच्या खालून सतरंजीचा एक कोपरा बाहेर आला होता. बंड्या तिच्यासमोर नीट बसला. थोडा वेळ थांबला, अगदी सभ्यपणे. मग भुंकायला लागला.

दुपारचे दोन वाजले होते. जिन्यात आवाज असा घुमला की मजल्यामजल्यावर दारं उघडली. हेर फोगेल सपाता घालून कठड्याशी आले. मी त्यांना हाताने थांबा म्हटलं. मला बंड्याला गप्प करता येत नव्हतं. नियमच आहे, माणूस सापडल्यावर कुत्रा भुंकत असेल तर त्याला कुणी थांबवायचं नाही. मी तिथेच पायरीवर बसलो आणि मिरजेला व्हिडिओ कॉल लावला. काकूंचं कपाळ तेवढं दिसत होतं, फोन त्या नेहमी तसाच धरतात.

“काकू,” मी म्हणालो. “काकू, तुम्ही सापडलात.”

मी फोन बंड्याकडे आणि सतरंजीकडे वळवला.

“अरे, मग बघत काय बसलायस?” काकू म्हणाल्या. “आधी त्याला खायला घाल. मग बोल.”